एवढ्याशा पोरीला रानात कशाला?

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. आम्ही पनवेलला राहतो, म्हणून अधूनमधून रविवारी तिला घेऊन कर्नाळ्याच्या अभयारण्यात जातो. दर वेळी किल्ल्यापर्यंत जायचे ठरवून निघतो आणि निम्म्या वाटेवरून परततो, कारण ती चालतच नाही. मुंग्यांची रांग दिसली की बसते, पडलेला ओंडका दिसला की बसते, काटकीने काहीतरी उकरत राहते. घरी आल्यावर सासूबाई विचारतात, "एवढ्याशा पोरीला रानात कशाला नेता? पाय दुखवून घेते, कपडे मळवून घेते आणि शिकते काय?" मला उत्तर देता येत नाही. घरी चित्रांची पुस्तके आहेत, व्हिडिओ आहेत, त्यांत तर वाघसुद्धा दिसतो. रानात हिंडून इतके लहान मूल खरेच काही शिकते का?
(एक आई, पनवेल)

उत्तर : शिकते. आणि तुम्ही ज्याला 'चालतच नाही' म्हणता, तेव्हाच सगळ्यांत जास्त शिकते.

आपण मोठी माणसे डोंगरात जातो ती कुठेतरी पोचायला. कर्नाळ्याला सुळक्याखालच्या पाण्याच्या टाक्यांपर्यंत गेलो नाही तर गेल्यासारखे वाटत नाही. साडेचार वर्षांच्या मुलीच्या मनात तो सुळका नसतोच. तिची उंची जेमतेम एक मीटर. तिच्या डोळ्यांना जमीन जवळ आणि सुळका फार लांब. जे जवळ आहे तिथे ती थांबते. यात हट्ट नाही आणि आळस तर मुळीच नाही. तुम्ही तिला दंडाला धरून उठवता आणि 'चल, उशीर होतोय' म्हणता तेव्हा तिचे शिकणे थांबते. हे मी जरा ठासून सांगते आहे, कारण बहुतेक घरांत याच्या अगदी उलट समज असतो.

मुंग्यांचेच घ्या. रांगेपाशी दहा मिनिटे बसलेल्या मुलीला काय काय दिसते? समोरासमोर आलेल्या दोन मुंग्या क्षणभर थांबतात, मिशांना मिशा लावतात आणि आपापल्या वाटेने जातात. मेलेला नाकतोडा एकटीला ओढवत नाही, मग दुसऱ्या येतात. सगळ्या एकाच बाजूला ओढतात असेही नाही, काही उलट्याच ओढतात, तरीही तो हळूहळू बिळाकडे सरकतो. मुलीने रांगेच्या मधोमध एक पान ठेवले की रांग तुटते. मुंग्या गोंधळतात, इकडेतिकडे हुंगतात आणि थोड्या वेळाने पानाला वळसा घालून पुन्हा रांग लागते. मुंग्या वाटेवर गंध सोडत जातात आणि मागच्या त्या गंधावर चालतात, हे तिला कोणी सांगितलेले नाही. पण पान ठेवले तर काय होते, उचलले तर काय होते, पुन्हा ठेवले तर तसेच होते का, हे तिने स्वतः करून पाहिले. प्रयोग म्हणतात तो हाच. व्हिडिओतल्या मुंग्यांपुढे पान ठेवता येत नाही. व्हिडिओत वाघ दिसतो हे खरे, पण तिने काहीही केले तरी तो ठरलेलेच करणार आणि ठरलेल्या वेळी पडद्यावरून जाणार. रानातली मुंगी मात्र तिने केलेल्या गोष्टीला उत्तर देते.

मुंग्यांचा विषय निघाला म्हणून एडवर्ड विल्सन यांची गोष्ट सांगते. अमेरिकेतले हे शास्त्रज्ञ (१९२९–२०२१) मुंग्यांचे जगातले मोठे अभ्यासक. सात वर्षांचे असताना मासे पकडताना एका माशाचा काटा त्यांच्या उजव्या डोळ्यात घुसला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. लांबचे पक्षी-प्राणी टिपणे अवघड झाले, म्हणून ते डोळ्यांजवळ धरून पाहता येणाऱ्या किड्यांकडे वळले. पुढे काही काळ त्यांचे घर वॉशिंग्टन शहरात होते. तिथल्या रॉक क्रीक पार्क या शहरातल्याच रानात त्यांनी एका कुजक्या झाडाची साल सोलली आणि खाली पिवळ्या मुंग्यांची झुंबड दिसली. त्या मुंग्यांना लिंबाचा वास येत होता. संकट आले की त्या हा वास सोडतात. तो वास त्यांच्या आयुष्यभर लक्षात राहिला, आणि मोठेपणी मुंग्या गंधातून एकमेकींना निरोप कसे देतात हे शोधून काढणाऱ्या पहिल्या काही लोकांत ते होते. तुमची मुलगी शास्त्रज्ञ होईल असे मला म्हणायचे नाही. ते व्हायलाच हवे असेही नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की ते रान दूरचे घनदाट अरण्य नव्हते, शहरातले होते, आणि तिथे त्या मुलाला धरून ठेवले ते कुठल्या मोठ्या जनावराने नाही. कर्नाळाही जेमतेम १२ चौरस किलोमीटरचे आहे. साडेचार वर्षांच्या मुलीला ते पुरून उरेल.

आता पायांकडे वळते, कारण सासूबाईंची पहिली तक्रार पायांची आहे. घराची फरशी, सोसायटीच्या आवारातले पेव्हर ब्लॉक, शाळेच्या पायऱ्या, इथे प्रत्येक पाऊल आधीच्या पावलासारखेच पडते. रानवाटेवर तसे होत नाही. कुठे वर आलेले मूळ, कुठे सुटा दगड, कुठे पाचोळ्याखाली दडलेला खळगा. प्रत्येक पावलाला घोट्याला, गुडघ्याला, कमरेला नवा तोल साधावा लागतो. नॉर्वेतल्या इनगुन फ्योर्टॉफ्ट या संशोधक बाईंनी २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बालवाडीतल्या पाच ते सात वर्षांच्या काही मुलांना त्यांनी शाळेच्या काळात रोज शेजारच्या रानात खेळू दिले, आणि नेहमीच्या क्रीडांगणावर खेळणाऱ्या मुलांशी त्यांची तुलना केली. वर्षअखेरीस रानात खेळलेल्या मुलांचा तोल आणि हातापायांचा मेळ अधिक सुधारलेला होता. त्यांना कोणी व्यायाम शिकवला नव्हता. चढायला खडक होते, लोंबकळायला फांद्या होत्या, एवढेच.

पण मला तोलापेक्षा मोठी वाटते ती पारख. हा दगड माझे वजन पेलेल का? ही फांदी मोडेल का? इथून उडी मारली तर लागेल का? हे प्रश्न मूल शब्दांत विचारत नाही, पायाने चाचपून विचारते. आपण मात्र मागून सतत 'पडशील, पडशील' म्हणत असतो. त्याने मुलाला भीती कळते, पण नेमके कशाला जपायचे ते कळत नाही. त्याऐवजी 'तो दगड हलतोय का, पायाने बघ' म्हणा. 'हिरवे शेवाळ दिसतेय ना, तिथे पाय सरकेल' म्हणा. हात धरून ओढत नेऊ नका, हात पोचेल इतक्या अंतरावर राहा. गुडघा खरचटेल. खरचटलेला गुडघा पाण्याने धुऊन पुढे चालता येते, हेही तिथेच कळते. दरीच्या कडेला किंवा वाहत्या पाण्यापाशी मात्र हात घट्ट धरायचा. तिथे मुलाची पारख चालत नाही, आपली चालते.

तुमची मुलगी ओंडक्यापाशी बसते याचा मला विशेष आनंद झाला. पाऊस सरत आला की पडलेल्या झाडाची साल बोटाने निघते. खाली वाळवीचे बोगदे असतात, हात लागताच वेटोळे करणारा पैसा असतो, पांढऱ्या तंतूंचे बुरशीचे जाळे असते. एका बाजूने लाकूड अजून टणक, दुसऱ्या बाजूने चुरा, आणि अगदी खाली काळी माती. झाडाचे माती होणे तिथे एकाच वेळी पायरीपायरीने दिसते. शाळेत तिसरीच्या परिसर अभ्यासात ती जे वाचेल ते तिच्या नखांत आधीच अडकलेले असेल. मेलेल्या झाडावर किती जण जगतात हे पाहिलेले मूल पुढे पाचोळ्याला कचरा म्हणणार नाही, अशी मला आशा आहे.

आणि कधीतरी वाटेवर मेलेला पक्षी दिसेल. ती विचारेल, "हा आता उठणार नाही?" आपल्या घरांत या प्रश्नाला बगल देतात. आजोबा गावाला गेले, देवाघरी गेले, झोपले. मरण परतीचे नसते हे मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगू लागते, आणि त्या वयात त्यांना खोटे उत्तर दिले तर ती अधिक घाबरतात. रानात हे सांगणे सोपे जाते, कारण मरणाच्या आजूबाजूला सगळे चालू असते. पक्ष्याला मुंग्या लागलेल्या असतात, शेजारी कोंब फुटलेला असतो, वर दुसरा पक्षी बोलत असतो. "नाही, तो आता उठणार नाही. तो मेला. मुंग्या त्याला खातील आणि उरलेले मातीत जाईल," एवढे सांगा. ती थोडा वेळ पाहील, कदाचित त्याच्यावर एक पान ठेवील आणि पुढे चालू लागेल. मृत्यूची इतकी सरळ ओळख घरात क्वचितच होते.

भाषेचेही सांगायला हवे. खडबडीत, चरचरीत, दमट, भुसभुशीत, बुळबुळीत, टोकदार, सळसळ, खसखस. यांतले बरेचसे शब्द फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाच्या कानावर पडतात, पण हाताला लागत नाहीत. ओल्या शेवाळावर तळवा ठेवून 'बुळबुळीत' म्हणणाऱ्या मुलीला तो शब्द पुन्हा शिकवावा लागत नाही.

युरोपात रानातल्या बालवाड्या आहेत. डेन्मार्कमध्ये त्या १९५०च्या दशकात सुरू झाल्या, जर्मनीत फ्लेन्सबर्गच्या रानबालवाडीला १९९३ साली सरकारी मान्यता मिळाली. त्यांचे कौतुक आपल्याकडे अलीकडे खूप होते. कौतुकाला माझी हरकत नाही, पण त्याआधी आपण पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीकडे आणि कोसबाडकडे पाहावे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, आणि १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले गुरे राखायला जात, धाकट्या भावंडांना सांभाळत, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा या बाईंनी शाळाच गुरांमागे कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. मोजायला खडे, बिया आणि पाने, लिहायला जमीन. परवडत नाही म्हणून केलेली ती तडजोड होती असे कोणी म्हणेल, पण मला तसे वाटत नाही. मुलाच्या हाताशी जे आहे त्यातूनच त्याची अक्कल वाढते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आज त्याच महाराष्ट्रात तीन वर्षांच्या मुलांना बालवाडीत बाकावर बसवून पानेच्या पाने गिरवून घेतात, याचे मला फार वाईट वाटते.

प्रकृतीचे दोन मुद्दे थोडक्यात. चीनमधल्या ग्वांगझू शहरात सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटे जास्त वेळ बाहेर उघड्यावर नेले. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचे अंधुक दिसू लागले होते, आणि बाहेर न नेलेल्या मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाहेरचा भरपूर उजेड हे त्याचे मुख्य कारण मानले जाते, आणि झाडाच्या सावलीतही घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त उजेड असतो. दुसरा मुद्दा मळलेल्या कपड्यांचा. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या खडीच्या आवारात रानातली माती आणि झुडपे आणून लावली. २८ दिवस तिथे खेळल्यावर तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि प्रतिकारशक्तीला ताळ्यावर ठेवणाऱ्या घटकांत रक्तात चांगला बदल दिसला. यावरून माती म्हणजे औषध असे कोणी म्हणू नये. खाण्याआधी हात साबणाने धुवायचे, पायात बूट हवेत आणि धनुर्वाताच्या लसीचे डोस वेळेवर झालेले हवेत. पण कपडे मळले म्हणून मुलीला ओरडू नका, एवढे तरी यातून नक्की निघते.

सासूबाईंना काय सांगायचे? मला वाटते, सांगण्याऐवजी त्यांनाच एकदा बरोबर न्या. किल्ल्याकडे नाही, प्रवेशद्वाराजवळच्या सपाट वाटेवर. त्यांच्या गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे बुरशी आणि शैवाल यांनी एकत्र राहून केलेले शरीर आहे. त्याची भावंडे झाडांच्या सालीवर राखाडी-हिरव्या पापुद्र्यांच्या रूपात दिसतील. ती तोडू नका, बोट लावून पाहा. पावसाळ्यात जाल तेव्हा टाकळा, कुर्डू, भारंगी यांतले त्यांना काय ओळखू येते ते विचारा. आपल्याला पुस्तकात शोधावे लागते ते पुष्कळ आज्यांना नुसते पाहून कळते, आणि ते नातीपर्यंत पोचायला एकत्र चालण्याइतकी चांगली संधी दुसरी नाही. आजीबरोबर तुमच्या मुलीची गतीही छान जुळेल.

तुम्ही स्वतः एक करा. पुढच्या वेळी किल्ल्याचा बेत घरीच सोडून या. सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत परता, आणि मधल्या वेळात ती थांबेल तिथे थांबा. ती मुंग्या पाहत असेल तर तिच्या शेजारी उकिडव्या बसा. 'किती मुंग्या आहेत? रंग कोणता? पाय किती?' अशी परीक्षा घेऊ नका. तिने काही विचारले तर ठाऊक असेल ते सांगा, नसेल तर 'आपण बघू या' म्हणा. मोबाइल पिशवीत ठेवा. मुलांचे फोटो काढायला आपण त्यांना 'इकडे बघ' म्हणतो, आणि नेमके त्याच क्षणी ती तिकडे काहीतरी बघत असतात.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा आहे. येऊरला जातो तेव्हा 'हे कुठले झाड, तो कुठला पक्षी' विचारून भंडावून सोडतो. मला नावे येत नाहीत, त्यामुळे लाज वाटते. आधी मी शिकू का?
(एक बाबा, ठाणे)

उत्तर : लाज वाटायचे कारण नाही, आणि आधी शिकण्याची वाट तर पाहूच नका. नावे नंतरही येतात. या वयात झाड ओळखायचे ते हाताने. सागाचे कोवळे पान तळव्यावर चोळले की तळवा लाल होतो. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी असते, डोळे मिटून हात फिरवला तरी चुकत नाही. तरुण काटेसावरीच्या खोडावर जाडजूड काटे असतात. पळसाला तीन पाने, तेव्हा ती मोजा. तेरड्याच्या पिकल्या बोंडाला नुसता स्पर्श झाला तरी ते फुटून बिया उडतात. एवढी पाच झाडेझुडपे मुलाला भेटली की सहावे तो तुम्हाला दाखवील.

पावसाळ्यानंतर येऊरच्या वाटांवर मोठ्या रानकोळ्यांची जाळी दोन झाडांच्या मध्ये ताणलेली दिसतात, उन्हात त्यांचे धागे सोनेरी चमकतात. मधोमध बसलेली मोठी असते ती मादी. नर जेमतेम ५-६ मिलिमीटरचा, तिच्याच जाळ्याच्या कडेला. मुलाला तो शोधायला सांगा. नाव कळण्याआधी त्याला या जोडीविषयी एवढे ठाऊक होईल की नाव आले की ते कायमचे चिकटेल.

नावे विचारायची तर तिथल्या माणसांना विचारा. वनरक्षक असतात, पाड्यांवरची माणसे असतात. आपल्या बाबांना एखादी गोष्ट येत नाही आणि ते दुसऱ्या माणसाला आदराने विचारतात, हे मुलाने पाहावे असेच आहे.

प्रश्न : नातवंडे सुटीत सावंतवाडीला येतात. त्यांना रानात न्यावेसे वाटते, पण सापांची आणि हल्ली माकडतापाची भीती वाटते. न्यावे का?
(एक आजोबा, सावंतवाडी)

उत्तर : न्यावे, पण काळ आणि जागा पाहून. माकडताप गोचिडांमुळे पसरतो. हा रोग पहिल्यांदा १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या रानात ओळखला गेला आणि गेल्या काही वर्षांत तुमच्या जिल्ह्यात, विशेषतः दोडामार्ग तालुक्यात, त्याचे रुग्ण सापडले आहेत. हिवाळ्यापासून पावसापर्यंतचा काळ त्याचा. त्या काळात आरोग्य खात्याने सांगितलेल्या गावांच्या रानात मुलांना नेऊच नका, आणि मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता कळवा. इतरत्रही रानातून आल्यावर मुलांचे अंग नीट तपासून गरम पाण्याने आंघोळ घाला.

सापांबाबत नियम थोडे आहेत आणि मुले ते आवडीने पाळतात. पूर्ण पँट आणि बूट. दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. दगड किंवा ओंडका उलटायचा असेल तर तो मोठ्या माणसाने, काठीने. फुरसे लहान असते आणि दगडाखालीच बसते, म्हणून हा नियम मोडायचा नाही. वाटेत साप दिसला तर जागीच उभे राहायचे आणि त्याला जाऊ द्यायचे. दंश झालाच तर चिरायचे नाही, आवळून बांधायचे नाही, चावलेला भाग न हलवता सरळ रुग्णालय गाठायचे. रुग्णवाहिकेसाठी १०८. हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगांपासून मुलांना लांब ठेवा. कड्याला आग्यामोहोळ असेल तर तिथे आरडाओरडा नको, धूर तर नकोच.

खरी भीती मला सापांची वाटत नाही, पावसाळ्यातल्या पाण्याची वाटते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली माणसे आणि लहान मुले वाहून गेली. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी क्षणात चढते. लहान मुलांना पावसाळ्यात ओढा ओलांडून पलीकडे नेऊ नका आणि धबधब्याखाली उभे करू नका. अलीकडच्या काठावर पाहण्यासारखे भरपूर असते.

प्रश्न : आम्ही लातूरला राहतो. आमच्याकडे जंगलच नाही. मग आमच्या मुलांनी काय करायचे?
(एक शिक्षिका, लातूर)

उत्तर : तुमची खंत खरी आहे. मराठवाड्याच्या वाट्याला रान फार थोडे आले आहे. पण लहान मुलाला लागते ते रानाचे क्षेत्रफळ नाही. एखादा ओढा, त्याच्या काठच्या बाभळी आणि बोरी, कोणी नांगरलेला नाही असा माळाचा तुकडा, एवढे पुरते. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला पावसाळ्यात सुगरणीची घरटी लोंबतात. नर ती विणतो आणि मादी पाहणी करून पसंत करते. पसंत पडले नाही तर घरटे अर्धेच राहते. तशी अर्धी घरटी मुलांना मोजू द्या. सातभाईंचा थवा कलकलत झुडपांतून फिरतो, कुसळे पायमोज्यांना चिकटतात. ती काढताना बी कसे प्रवास करते हे पहिलीतल्या मुलांनाही कळते. गावाजवळ देवराई असेल तर गावातल्या जुन्या माणसाला घेऊन तिथे जा आणि तिथले नियम त्याच्याच तोंडून मुलांना ऐकवा. तिथली वाळकी काटकीही कोणी घरी नेत नाही, हा नियम मुलांना फार पटतो.

वर्गाला घेऊन दिवसभराची सहल काढायची असेल तर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य आहे. वन विभागाची परवानगी आधी घ्या. पाऊस सुरू झाल्यानंतर ते हिवाळा संपेपर्यंत जा, उन्हाळ्यात नको. आणि शक्य असेल तर एका वेळी थोडीच मुले न्या. चाळीस मुलांच्या रांगेत मधल्या मुलाला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही.